पहिल्या रांगेतली पाटी

"ही लहान, ही मधली आणि ही जरा ठसठशीत." चर्चच्या खजिनदारांनी पिशवीतून तीन पितळी पाट्या काढून टेबलावर ओळीने मांडल्या. "नमुन्याच्या आहेत, वहिनी. वरची नावं बघू नका, नुसता आकार बघा."

आईला नावं दिसणार नव्हतीच. तिने मोठी पाटी उचलली, डाव्या डोळ्याच्या अगदी जवळ नेली आणि मग नखाने टिचकी मारून पाहिली.

"पोकळ वाजतेय."

"छे हो! अस्सल पितळ आहे."

"अस्सल असेल. पातळ आहे. यांच्या नावाची करताना जाड पत्रा घ्यायला सांगा. आणि ती बसवायची ते बाक पहिल्या रांगेतलं. उजवीकडचं."

चहाचा ट्रे घेऊन आलेली लेक दारातच थांबली.

"पहिल्या रांगेतलं म्हणजे..." खजिनदार घुटमळले. "पहिल्या रांगेची देणगी वेगळी आहे, वहिनी. नव्या सभागृहाचा खर्च तुमच्या कानावर आहेच. मागचं एखादं बाक घेतलंत तरी मिस्त्रींचं नाव काही लहान होणार नाही. देवाच्या घरी काय पुढचं नि काय मागचं!"

"मग तुमच्या वडिलांचं पुढे का आहे?"

खजिनदार हसले. एकटेच हसले.

"पैसे आहेत," आई म्हणाली. "माझ्या डोळ्यासाठी हिने पाठवलेत ते. तेवढ्यात बसेल ना?"

लेकीने ट्रे जरा जोरातच ठेवला. चहा बश्यांमध्ये सांडला. आईला तो दिसला नाही आणि खजिनदारांनी पाहिला नाही. सांडलेला चहा तसाच पिऊन, नमुन्याच्या पाट्या पिशवीत भरून ते उठले. दारापर्यंत पोचवायला लेक गेली, तेव्हा जिन्याच्या तोंडाशी थांबून त्यांनी आवाज खाली आणला.

"बेटा, तिला आत्ता काही समजावू नकोस. दुःखात माणसाला काहीतरी करावंसं वाटतं. करू दे."

"तुम्हीच समजावा की," लेक म्हणाली. "पण तुमच्या दुसऱ्या हातात पावतीपुस्तक आहे."

खजिनदारांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी मोठ्या शहरात शिकवायला गेलेल्या मुलींकडे पाहायची त्या गल्लीत रीत होती. मग कठड्याला धरून ते खाली उतरले.

बाबांना जाऊन महिना होत आला होता. ते पॉलिशवाले मिस्त्री. कपाटं, टेबलं, पलंग, दरवाजे. लाकूड दुसऱ्याचं, सुतारकाम तिसऱ्याचं. यांनी फक्त चमक द्यायची. चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, कापसाचा बोळा मऊ कापडात गुंडाळून त्यात बुडवायचा आणि लाकडावर गोल गोल हात फिरवत राहायचं, लाकडाच्या आतली रेघ वर येईपर्यंत. बोटं नखांपर्यंत तपकिरी. अंगाला स्पिरिटचा वास असा भिनलेला की आंघोळ करून आले तरी तो त्यांच्या आधी खोलीत शिरायचा. गावभरच्या कपाटांना त्यांचा हात लागला होता. घरातलं कपाट मात्र कोरं लाकडी, तसंच राहिलं. आई म्हणायची, "वैद्याची बायको खोकते, तशातली गत."

मजुरी यायची, आठवड्याला लागेल तेवढी ते आईच्या हातात ठेवायचे. उरलेली कुठे जायची हे घरात विचारायचं नसे. शेजारच्या विधवेची फी, कोणाचं औषध, कोणाचं भाडं. या हाताचं त्या हाताला कळू नये, हे त्यांनी इतकं मनावर घेतलं होतं की घरातल्या बाकीच्या चार हातांनाही ते कळत नसे. "कसं चाललंय मिस्त्री?" कोणी विचारलं की एकच उत्तर: "पुरतंय." पगारवाढ झालेली लेक फोनवर विचारायची, तेव्हाही तेच. "पुरतंय गं. तुझं तुला पुरतं का सांग."

लेक कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. पहिल्या तासाला मुलांना सांगते, माणसाच्या गरजांना अंत नसतो, साधनं मात्र मोजकी असतात. एकदा सुट्टीत तिने हे बाबांना सांगितलं, तेव्हा हातातला बोळा थांबवून ते हसले होते. "हे कोण म्हणतं? त्याला एक दिवस माझ्याकडे पाठव. गरजेला अंत असतो. ती जेवली की झोपते." तिने ते वाक्य पुढे वर्गात वापरलं. मुलं हसली. मग घरी गेल्यावर तिला वाटलं, आपल्या शाळेच्या बुटांना पुढे भोक पडलं होतं तेव्हा ही गरज कुठे जेवून झोपली होती?

दफनाच्या वेळी पाळकसाहेबांनी याच समाधानावर प्रवचन केलं. मिस्त्रींना कशाची हाव नव्हती, मिस्त्रींना काही नको होतं, आपण सगळ्यांनी मिस्त्रींकडून शिकावं. त्यांची नवी गाडी फाटकाबाहेर झाडाच्या सावलीत उभी होती. लेक खड्ड्याच्या कडेला उभी राहून ऐकत होती. बाबांना नवे गुडघे हवे होते. खिडकीला जाळी हवी होती. एकदा समुद्र पाहायचा होता. त्यांना काही नको होतं हे अशा लोकांनी ठरवलं होतं, ज्यांनी त्यांना कधी काही विचारलंच नव्हतं. समाधान हा फार सोयीचा गुण आहे, तिच्या मनात आलं, विशेषतः शेजाऱ्यात असला तर.

तिने माती टाकली आणि काही बोलली नाही.

आज मात्र ती बोलली.

"आई, वेडी झालीयस का तू? डोळा घालवून पाटी लावणार?"

आई स्वयंपाकघरात चाचपत कपबश्या विसळत होती. "हळू बोल. भिंती पातळ आहेत."

"डॉक्टरांनी काय सांगितलं ते विसरलीस? उजवा गेला तो वेळेवर ऑपरेशन केलं नाही म्हणून. आता डाव्यातलाही मोतीबिंदू पिकायला आलाय. हाही गेला तर काय करशील? पाटीवर हात फिरवत बसशील?"

"बसेन."

"बाबांना चाललं असतं का हे? दर वर्षी फुकट बाकं पॉलिश करायचे आणि त्यांच्यावरच्या पाट्या काढून, घासून, परत बसवायचे. आठवतं, काय म्हणायचे? म्हणायचे, देवाला वाचता येतं, त्याला पाटी कशाला."

"त्यांना नसतं चाललं," आई म्हणाली. "पण ते गेले. आता मला काय चालतं ते बघू." तिने कप पालथा घातला. "चाळीस वर्षं मी त्यांच्या समाधानावर जगले. माझं कोणी बघितलं? म्हणे मिस्त्रींना काही नको. अगं, मला हवं होतं! मला पुष्कळ हवं होतं."

लेकीला आईचा हा आवाज माहीत नव्हता. तिला माहीत होती ती शिवणयंत्रावर वाकलेली, हूं हूं करत ऐकणारी आई.

"माझ्या पहिल्या डोळ्याचे पैसे कुठे गेले, माहीत आहे?" आईने विचारलं.

"बाबांनी कोणाला तरी दिले."

"कोणाला तरी!" आईने हात पुसले. "आत्ता चहा पिऊन गेला ना, त्याला. त्याचा मुलगा गाडीखाली आला होता. पाय कापायचा म्हणत होते. दुकान बसलेलं, घर गहाण पडलेलं. पहिल्या रांगेत बसणाऱ्याने मागायचं कोणाकडे? तुझे बाबा गेले आणि त्याच्या टेबलावर ठेवून आले. माझे पैसे. लोकांच्या बाह्या नि कॉलर शिवून डोळ्यासाठी साठवलेले माझे."

"तुला न विचारता?"

"सांगितलं. विचारणं वेगळं आणि सांगणं वेगळं. येऊन सांगितलं, देऊन आलो, तू कुठे बोलू नकोस." आईने फडकं खुंटीला अडकवलं. "मी हो म्हटलं असतं गं. तीच तर खरी आग आहे. एका पोराचा पाय आणि माझा एक डोळा, मला निवडायला सांगितलं असतं तर मीही देऊनच आले असते. पण ते माझं देणं झालं असतं. माझं देणंच त्यांनी देऊन टाकलं. माझ्या वाट्याला नुसता गेलेला डोळा आला."

लेक खाली बसली. तिने दानाबद्दल पुष्कळ वाचलं होतं. देणाऱ्याचा अहंकार, घेणाऱ्याची लाज, समाजाचा ढोंगीपणा, सगळ्यावर जाड जाड पुस्तकं होती. हे वाक्य कुठे आलं नव्हतं.

"आणि तो खजिनदार?"

"मुलगा चालायला लागला. दुकान पुन्हा उभं राहिलं. पैसे परत केले नाहीत ते सोड, पण पुढच्याच वर्षी चर्चचा वाढदिवस आला म्हणून ऐन दमट हवेत बाकं पॉलिश करायला लावली. हे सांगत होते, आत्ता नको, पांढरं पडेल, चिकट राहील. ऐकलं नाही. झालं तसंच. बाया उठल्या आणि कपडे बाकालाच चिकटले. मग हा काय म्हणाला सगळ्यांदेखत? मिस्त्रींच्या अंगाला वास येतो, हात स्थिर कसा राहणार. झालं, दारुड्या ठरले. थेंब कधी घेतला नाही त्या माणसाने."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू परीक्षेला बसली होतीस. आणि ते काही बोलले का? हवा कोरडी झाल्यावर सगळी बाकं खरवडून परत पॉलिश केली, एकट्याने. मी म्हटलं, एकदा तोंड उघडा. तर म्हणाले, सांगितलं की दिलेलं परत घेतल्यासारखं होतं." आईने कोऱ्या कपाटाकडे तोंड वळवलं. "त्यांचं दिलेलं तिकडे स्वर्गात जमा झालं असेल. माझं कुठेच झालं नाही. तो दर रविवारी दानाचं ताट घेऊन पहिल्या रांगेपासून सुरुवात करतो. त्याच्या डोळ्यांसमोर हे नाव पाहिजे मला. रोजच्या रोज विसरतो ना, दर आठवड्याला आठवू दे."

लेकीच्या बाहीचं बटण मघाच्या रागात तुटलं होतं. विषय बदलावा म्हणून तिने शिवणयंत्राजवळच्या सुया टोचायच्या छोट्या गादीतून दोरा ओवलेली एक सुई उपसली. आवाजावरून की सरावावरून, आईला ते कळलं.

"ती घेऊ नकोस."

उजवा डोळा गेल्यापासून बाबा रोज सकाळी कामावर जाण्याआधी दिवसभराच्या सुया ओवून ठेवायचे. काळ्या, पांढऱ्या, खाकी दोऱ्याच्या. दवाखान्यात नेलं त्या सकाळीही ओवल्या होत्या. त्या तशाच होत्या. महिनाभर आई शेजारणीकडून सुई ओवून आणत होती.

लेकीने सुई होती तिथे परत टोचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चर्चमध्ये गेली. दोन माणसं तोंडाला फडकी बांधून बाकं घासत होती. यंत्राचा कर्कश आवाज उंच छताला लागून परत येत होता. पहिल्या रांगेतलं उजवीकडचं बाक अर्धं उघडं पडलं होतं. खालचं लाकूड सोललेल्या बटाट्यासारखं फिकट. जमिनीवर तांबूस भुकटीचा थर साचला होता. तो बाबांचा हात होता. दर वर्षीचा एक पातळ थर, त्याच्यावर पुढच्या वर्षीचा.

खजिनदार खांबाजवळ उभे राहून देखरेख करत होते.

"हे काय?" तिला ओरडावं लागलं.

"स्प्रे मारून घेतोय!" तेही ओरडले. "एका दिवसात काम! जुनं सगळं काढल्याशिवाय नवं धरत नाही!"

"बाबांना जाऊन महिना तरी होऊ द्यायचा!"

"काय?"

तिने पुन्हा म्हणायला तोंड उघडलं तेव्हा एकाने यंत्र बंद केलं, त्यामुळे पुढचं वाक्य साऱ्या चर्चभर घुमलं. "आईचे पैसे मी देऊ देणार नाही. पाटी तुम्ही लावा. तुमच्या पैशांनी."

खजिनदारांनी कामगारांकडे पाहिलं. "जा रे, चहा घेऊन या." ते गेले. मग म्हणाले, "मी का लावू?"

"मुलाचा पाय कसा आहे?"

खजिनदारांच्या चेहऱ्यावरची चर्चची नम्रता उतरली. आत काय आहे ते दिसलं, आणि ते तिला वाटलं होतं तितकं गुळगुळीत नव्हतं.

"मिस्त्रींनी शब्द दिला होता, कोणाला सांगणार नाही म्हणून."

"पाळला त्यांनी. फक्त बायकोला सांगितलं."

"मी मागितले नव्हते," ते म्हणाले. "एक पैसा मागितला नव्हता मी. आले, टेबलावर पुडकं ठेवलं, कोणाला सांगणार नाही म्हणाले आणि निघाले. मी काही म्हणायच्या आत खाली उतरलेसुद्धा. देणाऱ्याचं काय जातं? देऊन घरी जातो, गाढ झोपतो. घेणाऱ्याने काय करायचं? इतकी वर्षं मी त्या माणसाच्या डोळ्याला डोळा भिडवू शकलो नाही. शेवटच्या बाकावर बसायचे आणि माझ्याकडे बघून हसायचे. हसायचे! ओरडले असते एकदा, चार शिव्या दिल्या असत्या, तर मी माणसात आलो असतो."

"म्हणून त्यांना दारुडा ठरवलंत."

"मी दारू म्हटलं नव्हतं. वास येतो म्हटलं. वास तर येत होता."

"आणि पैसे परत का नाही केलेत?"

"परत करायचे म्हणजे घेतले होते हे कबूल करायचं." खजिनदारांनी रुमालाने मान पुसली. रुमाल तांबूस झाला. "तुला नाही कळायचं. तू शिकवतेस ते हिशेब वेगळे."

"ते पैसे बाबांचे नव्हते," लेक म्हणाली.

बाबांनी जन्मभर सांभाळलेली गोष्ट ती मोडत होती आणि तिला ते कळत होतं. बाबा इथे असते तर त्यांनी तपकिरी हात उचलून तिला थांबवलं असतं. पण बाबांचं जे होतं, ते यंत्राने खरवडून जमिनीवर पडलं होतं. तिने बोलून टाकलं.

"आईचे होते ते. शिवणकामाचे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी साठवले होते."

खजिनदारांनी रुमाल खिशात कोंबला. मग हलक्या आवाजात विचारलं, "कुठल्या डोळ्याच्या?"

"दोन आहेत तिला. जो गेला, त्याच्या."

ते उघड्या पडलेल्या बाकावर बसले. पांढऱ्या विजारीला भुकटी लागली. लेकीला वाटलं, आता हा माणूस रडेल, आणि तिला त्याची आधीच चीड आली. पण ते रडले नाहीत.

"हे मला सांगून तुला काय मिळालं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही."

"पाटी मला लावता येणार नाही. माझ्या खर्चाने लावली तर मंडळी विचारतील, मिस्त्रींचं नाव हा का लावतोय. काय सांगू?"

"खरं."

"ते जमणार नाही," खजिनदार म्हणाले. इतकं सरळ ते आयुष्यात पहिल्यांदाच बोलत असावेत. "ते मात्र मला जमणार नाही."

कामगार चहा घेऊन परतले. यंत्र सुरू झालं.

घरी आई दारातच उभी होती. लेक जवळून आत जायला निघाली तसा तिने दंड धरला आणि खांद्याजवळ नाक नेलं. क्षणभर ती कुठल्या कुठे हरवली.

"कुठून आलीस?"

"चर्चमधून. बाकं खरवडतायत. जुन्या पॉलिशचा धुरळा लागलाय कपड्यांना."

आईने दंड सोडला नाही. श्वास पुरा आत घेऊन मगच विचारलं, "भेटला?"

लेकीने सगळं सांगितलं. मधे मधे ती अडखळली. वासाबद्दलचं वाक्य गाळावं का, असं वाटलं, पण गाळलं नाही. आई खुर्चीत बसून ऐकत होती, रेडिओ ऐकावा तशी, मान एका बाजूला करून.

"तो असं म्हणाला? डोळ्याला डोळा भिडवता आला नाही?"

"हो."

"इतकी वर्षं?"

"हो."

"म्हणजे आठवतंय त्याला." आई सावकाश म्हणाली. "मला वाटायचं विसरला. अगदी खुशाल विसरला, जेवून झोपलाय. हा तर रोज जागा आहे." तिला हसू आलं, जरा दुष्ट हसू होतं ते. "आणि डोळ्याचं? तेही सांगितलंस?"

"सांगितलं."

"बाबांना आवडलं नसतं."

"नसतंच आवडलं."

"बरं केलंस," आई म्हणाली. "त्यांना सांगायचं नव्हतं, तर त्यांनी माझे द्यायचे नव्हते."

मग तिने विचारलं, "पहिल्या रांगेचं किती सांगितलं होतं गं त्याने? राहू दे. नको सांगू. तेवढ्या पितळेला तेवढे पैसे म्हणजे लूटच. आणि पाटी कशाला आता? तोच पाटी झालाय. ताट हातात घेऊन दर रविवारी चर्चभर फिरणार." ती उठली. "त्या डॉक्टरला फोन लाव. पुढच्या आठवड्यातली तारीख दे म्हणावं. सकाळची. दुपारच्या वेळी ते लोक पेंगतात."

लेकीने फोन घेतला. नंबर लावताना तिच्या लक्षात आलं की आईने चर्चची सगळी बाकं, सभागृह आणि बाबांचं नाव एका वाक्यात बाजूला सारलं, आणि त्यात क्षमेचा मागमूस नव्हता. प्रवचनात ज्याला समाधान म्हणतात ते हे नव्हतं. पण आईची गरज आज प्रथमच पोटभर जेवली होती.

रविवारी दोघी उपासनेला गेल्या. स्प्रे मारलेली बाकं आरशासारखी चकाकत होती. लाकडाची रेघ कुठेच दिसत नव्हती. मंडळी खूश होती. एकमेकांना हात फिरवून दाखवत होती. आईने काठी टेकत मधली वाट सरळ पार केली आणि पहिल्या रांगेत उजवीकडच्या बाकावर जाऊन बसली. त्या बाकावर अजून कोणाचंच नाव नव्हतं. एका बाईने मागून खाकरून पाहिलं. आईला ऐकू येत नसल्यासारखं झालं, जे कधी होत नसे.

पाळकसाहेबांनी देणाऱ्यावर देवाची प्रीती असते असं काहीसं सांगितलं. मग गीत सुरू झालं आणि खजिनदार दानाचं ताट घेऊन पुढे आले. ते आधी डावीकडच्या रांगेशी गेले. रीत उजवीकडून सुरू करायची होती. पण शेवटी यावं लागलंच. त्यांनी ताट आईसमोर धरलं आणि नजर ताटावरच ठेवली.

आईने मूठ ताटावर नेली. उघडली नाही.

गीताचं कडवं संपलं. दुसरं सुरू झालं. मागच्या रांगा खोळंबल्या. ताटातल्या नाण्यांचा बारीक आवाज झाला. आईची मूठ तशीच. ताट मागे घेता येईना आणि पुढे नेता येईना.

आई लेकीच्या बाजूला झुकली. "बघतोय का गं माझ्याकडे?"

लेकीने पाहिलं. "नाही."

आई थांबली. आणखी एक ओळ गाऊन झाली. तिची बंद मूठ ताटावर स्थिर होती.

"आता?"

खजिनदारांनी मान वर केली होती. आईच्या उजव्या डोळ्याकडे, त्यातल्या दुधाळ बुबुळाकडे ते बघत होते आणि नजर हटवू शकत नव्हते.

"बघतोय," लेक म्हणाली.

आईने मूठ उघडली. दर रविवारी टाकायची तेवढंच टाकलं आणि ताट पुढच्या माणसाकडे सरकवलं.